वीज गेली तेव्हा सुई छातीत होती

डॉक्टरांनी फोटोची काळी फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "बाई, ही तुमची सुई. पण ती पोटात नाही. फुप्फुसात आहे."

मी बघितलं. उजवीकडे खाली, बरगड्यांच्या मधोमध एक बारीक पांढरी रेघ. घोंगडी शिवायची सुई ती, मी कुठंही ओळखली असती. शेजारी आत्या उभी होती. आत्या म्हणजे माझी सासू. मी तिच्याच भावाची लेक, म्हणून लग्नानंतरही तोंडात आत्याच राहिलं. तिनं त्या फिल्मला हात जोडले आणि रडायला लागली.

आम्ही म्हसवडकडची मेंढकं माणसं. घोंगडीच्या दोन पट्ट्या जोडताना दोन्ही हात पट्ट्या ताणण्यात गुंतलेले असतात, म्हणून सुई ओठांत धरायची. आमच्याकडं सगळ्याच बायका धरतात. नणंद काहीतरी चावट बोलली, मला हसू फुटलं आणि सुई आत गेली. जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग सगळं शांत झालं. ते शांत होणंच वाईट. आम्हाला वाटलं, गेली पोटात, पडेल उद्या-परवा.

ती पडेना म्हणून आत्यानं मेंढराचा उपाय केला. मेंढराच्या घशात काटा रुतला की मान वर करून वेळूच्या नळीनं तेल पाजतात, काटा सरकतो. तसंच मला करडईचं तेल पाजलं. खोकल्याची अशी उबळ आली की निम्मं तेल भलत्याच वाटेनं उतरलं. दुसऱ्या दिवसापासून ताप, आणि थुंकीला घाण वास.

डॉक्टर लय चिडले. "अहो, ही काय मेंढी आहे का?"

आत्या डोळे पुसत म्हणाली, "मेंढी असती तर कवाच बरी झाली असती, डागदरसायेब."

हसू आलं, पण हसले की छातीत कळ यायची. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालं तर एवढं ऐका. काही गिळलं आणि ठसका लागला, तर ते श्वासाच्या नळीत गेलं असं धरून चाला. तेल, केळं, भाकरीचा गोळा, काही काही देऊ नका. उचला आणि इस्पितळ गाठा.

माझे मालक तेव्हा मेंढरं घेऊन घाटाखाली उतरले होते. म्हसवडहून सांगलीच्या या इस्पितळात मला आणलं ते माझ्या धाकट्या भावानं, शिदानं. वाटेत मोटार बिघडली तेव्हा त्यानं मला पाठुंगळी घेतलं होतं. शिदा त्या काळात, बेचाळीसच्या धामधुमीत, इंग्रज सरकारशी भांडणाऱ्या पोरांच्यात होता. पोरांच्यात म्हणजे काय, ते तेव्हा सातारा-सांगलीकडं कुणी फोड करून विचारायचं नाही. रात्री जायचा, दुपारी उगवायचा, आणि आम्ही त्याला भाकरी वाढायचो.

डॉक्टरांनी बेत समजावून सांगितला. ब्रॉन्कोस्कोप म्हणून एक लांब पोकळ नळी असते, तिच्या टोकाला बारीक दिवा. ती तोंडातून श्वासनळीत घालायची आणि चिमट्यानं सुई ओढायची. त्याच वेळी स्क्रीनिंग करायचं, म्हणजे एक्स-रेच्या यंत्रासमोर धरून छातीच्या आतलं काचेवर चालतं-हलतं बघायचं. ते नसेल तर आंधळ्यानं सुई शोधल्यासारखं होईल.

"लवकर करायला हवं," ते म्हणाले. "ती प्रत्येक खोकल्याला खाली सरकते आहे. फार खाली गेली तर माझी नळी तिथं पोचणार नाही. आणि छाती उघडून काढायची जोखीम मी घेणार नाही."

सकाळी मला उपाशीपोटी टेबलावर घेतलं. घशात कडू औषध फवारलं, घसा लाकडासारखा झाला. नर्सनं डोकं धरलं. डॉक्टर नळी हातात घेऊन वाकले आणि डोक्यावरचा दिवा गेला. यंत्राची घरघरही थांबली.

नर्सनं बटण खालीवर करून बघितलं. मग डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. "येईल इतक्यात," म्हणाले.

आली नाही. खाटेवर परत आणलं. इस्पितळाचं स्वतःचं इंजिन होतं, पण लढाईमुळं त्याला घालायला तेल मिळत नव्हतं. दुपारी कळलं की सगळ्या गावचीच वीज गेली आहे. पिठाच्या गिरण्या बंद, नळाला पाणी नाही. बायका घागरी घेऊन नदीला निघाल्या. दिवस मावळताना वॉर्डात एक कंदील आला, तोही सगळ्यांत मिळून एकच.

मला तर गावी विजेचं नावही ठाऊक नव्हतं. आणि आता तिच्यावाचून माझा जीव अडला होता. मेलं काय नशीब!

कारण जो तो वेगळं सांगायचा. वॉर्डबॉय म्हणाला, पॉवरहाऊसचं इंजिन जळालं. शेजारच्या खाटेवर शिराळ्याची एक म्हातारी होती, ती म्हणाली, लढाईसाठी सरकारनंच वीज पळवली. आणि कुजबूज एकच: पोरांनी तारा तोडल्या. संध्याकाळी फाटकावर पोलीस येऊन बसले, तेव्हा सगळ्यांना हेच खरं वाटायला लागलं.

मी मोजून श्वास घेत पडले होते. खोकला आला की तोंडात पदर कोंबायची, सुई सरकू नये म्हणून. खोकला काय पदरानं थांबतो होय?

दुसऱ्या दिवशी दुपारी शिदा आला. कपडे धुळीनं माखलेले, डोळे तांबारलेले. आत्या त्याच्यासमोरच बोटं मोडायला लागली. "ज्या मुडद्यानं तार तोडली त्येचं हात झडू देत! माझी सून मरती हितं. त्येच्या घरात आया-भनी न्हाईत काय?"

तिचाच भाचा तो. एरवी आत्या काही बोलली की शिदा तिची थट्टा केल्याशिवाय राहायचा नाही. त्या दिवशी तो खाली फरशीकडं बघत राहिला.

आत्या पाण्याला गेली तेव्हा मी त्याला जवळ बोलावलं.

"शिदा, तू व्हतास?"

त्यानं आधी दाराकडं बघितलं. मग म्हणाला, "आमी टपालखात्याच्या तारा तोडल्या, अक्का. इजंच्या न्हाईत."

"नक्की?"

"अंधारात तार तारच दिसती गं." त्यानं धुळीचा हात सदऱ्याला पुसला. "खांब मागनं सकाळी कलंडून पडला, येवढं खरं. कुठल्या कुठल्या तारा घेऊन पडला, कुणाला ठावं."

मला एकदम राग आला, त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. आणि त्याच वेळी फाटकावरच्या पोलिसांची भीती वाटली. मी त्याचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "मागल्या दारानं जा. आणि हे कुणाला बोलू नगंस. आत्याला तर मुळीच न्हाई."

तो गेला. रडायचं म्हटलं तरी रडता येईना, कारण रडलं की खोकला.

वीज आली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सकाळी. वॉर्डात टाळ्या वाजल्या. मला लगेच टेबलावर घेतलं. डॉक्टरांनी लय झटापट केली, घामानं निथळले बिचारे. शेवटी नळी काढली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"बाई, सुई खाली उतरली आहे. माझा चिमटा पोचत नाही."

तापावर सल्फाच्या गोळ्या दिल्या. हळूहळू ताप गेला, थुंकीचा वास गेला, मोठा श्वास घेतला की टोचायचं तेवढं राहिलं. डॉक्टर म्हणाले, शरीर अशा वस्तूभोवती गाठ बांधतं आणि तिला आत ठेवून घेतं. थुंकीत कधी रक्त दिसलं तर तडक यायचं. मी विचारलं, किती वर्षं जगेन? ते म्हणाले, "तेल प्यायला नाहीत तर पुष्कळ." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. माझ्यासारख्या बाईला त्यांनी प्रत्येक गोष्ट समजावून सांगितली.

निघताना ते सहज म्हणाले, "पॉवरहाऊसवाला माझ्या ओळखीचा आहे. वीज नेमकी कशानं गेली ते विचारून सांगू का?"

"नगं," मी म्हणाले, इतक्या घाईनं की त्यांनी चमकून बघितलं.

पुढं शिदा पकडला गेला, तुरुंगात गेला, सुटला. स्वराज्य आलं तेव्हा गावानं त्याला हार घातला. पुढारी म्हणाले, तारा कशा तोडल्या ते सांगा चार लोकांना. शिदानं माझ्याकडं बघितलं, हार काढून खुर्चीवर ठेवला आणि मंचावरून खाली उतरला. लोकांना वाटलं, किती विनयी माणूस. आत्या तर भाच्याचं कौतुक सांगत गावभर हिंडली.

मला त्याचा अभिमान वाटतो. रागही येतो, अजून. दोन्ही एकाच वेळी. यावर काही औषध असेल तर मला कुणी सांगितलेलं नाही.

तो आला की दारातच पायताण काढता काढता विचारतो, "टोचती का गं अक्का?"

"न्हाई रं," मी म्हणते, आणि मोठा श्वास न घेता त्याच्यासाठी चहा ठेवायला आत जाते.