पेटीले हवा मंजूर

हसाचं असंल तर आताच हसून घ्या गा. फजिती माझीच आहे, पण शेवटी शेवटी हसू येत नाही.

स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. संत्र्याची पेटी सगळीकडे एकाच मापाची असावी म्हणून नागपूरले एक समिती बसली. रेल्वेचे साहेब, व्यापारी, एक इंजिनिअर आणि बागाईतदार म्हणून काटोलकडचा मी. पहिल्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, माप नंतर ठरवू, आधी प्रत्येकानं गरजा लिहून आणा.

आता सांगा, सरकारी माणूस गरजा विचारून राहिला, तर मी काय समजाचं? बसमधून उतरलो तो सरळ चावडीवर. सरकारनं गरजा मागवल्या म्हणून गावभर झालं. विहीर पाहिजे, नाल्यावर पूल पाहिजे, लोक सांगत गेले, मी लिहीत गेलो. सायत्राबाई सगळ्यात शेवटी बोलली, "एक नर्स लिही गा." तिची सून बाळंतपणात अडली, तेव्हा नाल्याले पूर होता. बैलगाडी अलीकडंच थांबली. बाळ-बाळंतीण दोघंही गाडीतच दगावली.

दुसऱ्या बैठकीत मी उभं राहून वाचलं. विहीर म्हटलं, तर इंजिनिअर म्हणाला, बरोबर, फळं धुवायला पाणी लागेलच. पूल म्हटलं, तर रेल्वेचे साहेब म्हणाले, हो, पेट्यांना धक्के कमी बसतील. मले हुरूप आला. मंग नर्स म्हटलं.

"पेटीला नर्स कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"पेटीले नाही साहेब, बाईले." आणि मी सायत्राबाईच्या सुनेचं सांगितलं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि हळूच समजावलं. गरजा म्हणजे पेटीकडून कोणाले काय पाहिजे ते. वजन किती झेलावं, थर किती बसावे. ते आधी कागदावर ठरते, मंग त्यावरून माप. त्या कागदाबाहेरचं काही समितीले पाहता येत नाही.

"तुमचं गाव यात बसत नाही हो," ते म्हणाले.

मी कागद खिशात घातला. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, पेटीले फटी ठेवा, नाही तर संत्रं गुदमरते. ते त्याईनं लगेच लिहून घेतलं.

गावात परतलो, तर सारे वाटच पाहून राहिले होते. काय मंजूर झालं, म्हणून विचारलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पेटीले हवा मंजूर झाली."

सायत्राबाईनं मान हलवली. "बरं केलंस गा," ती म्हणाली. "संत्रं तरी जितं पोचंल."