सातखांबचा चुकलेला नकाशा

मृण्मयी मॅडमचा फोन आला तेव्हा मी पिपरी मेघेच्या एका ले-आऊटच्या ब्रोशरवर झाडं लावत होते. म्हणजे कॉम्प्युटरवर. प्रत्यक्षात तिथे बाभळी आहेत, ब्रोशरमध्ये गुलमोहर असतात.

"प्रणाली, ग्रुप बघितलास?"

"नाही मॅडम. क्लास होता, आत्ताच आले."

"बघ आधी. मग बोलू."

मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. दुपारनंतर नालवाडीत गजूभाऊंच्या डिझाइनच्या दुकानात काम करते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, आणि सगळ्यात जास्त प्लॉटचे नकाशे. वर्ध्याच्या चारही बाजूंनी ले-आऊट पडत आहेत, त्यामुळे नकाशांना तोटा नाही.

मृण्मयी मॅडम पुण्याच्या. त्यांची छोटी प्रकाशनसंस्था खेळांची पुस्तकं काढते. मलाही हा खेळ आधी माहीत नव्हता, म्हणून सोपं करून सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, त्याला सूत्रधार म्हणतात. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर. सूत्रधार विचारतो, "समोर नदी आहे, काय करता?" ते ठरवतात, फासे टाकतात, गोष्ट पुढे सरकते. पुस्तकात त्या कल्पनेतल्या प्रदेशाची सगळी माहिती असते. गावं, राजे, राक्षस, बाजारभाव. आणि नकाशा.

तो नकाशा मी काढला होता. भूगोलाच्या एका कार्यशाळेत मॅडमनी माझी वही पाहिली आणि काम दिलं. म्हणाल्या होत्या, "पहिल्या पानावर 'नकाशा' असं लिहून तुझं पूर्ण नाव टाकू." पूर्ण नाव म्हणजे मधे बाबांचं नाव. ते मी घरी सांगून बसले होते. बाबांनी गावात कोणाकोणाला सांगितलं, त्याची यादी माझ्याकडे नाही.

पुस्तकाची पूर्वनोंदणी केलेल्या वाचकांचा एक ग्रुप आहे. नकाशा नसलेली कच्ची प्रत त्यांना वर्षभरापूर्वीच मिळाली होती. मॅडमनी आदल्या संध्याकाळी तिथे नकाशा टाकला होता. मी ग्रुप उघडला.

"दिशा कुठे आहेत?"

"नकाशा शिवलेल्या पानात नको. सुटा, घडी घातलेला द्या. टेबलावर पसरता आला पाहिजे."

"सूत्रधाराचा वेगळा आणि खेळाडूंचा वेगळा नाही का? सगळी गुपितं याच्यावरच लिहिली आहेत."

त्यानंतर कोणीतरी लिहिलं होतं, "हा नकाशा आहे की प्लॉटची जाहिरात? सातखांबला एनए झालंय का?" त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आणि मग एकाने माझ्या नकाशाचा उजवा खालचा कोपरा मोठा करून टाकला होता. तिथे बारीक अक्षरात होतं, "नकाशा प्रमाणात नाही."

ते मीच लिहिलं होतं. मुद्दाम नाही. प्रत्येक ब्रोशरच्या त्या कोपऱ्यात मी ते लिहिते. हाताला सवय झाली आहे.

सवय एवढीच असती तर ती ओळ खोडून काम झालं असतं. पण शेवटी खाडे सर नावाच्या वाचकांची मोठी नोंद होती. ते साताऱ्याकडे शाळेत शिकवतात. त्यांनी नकाशा छापून घेतला होता आणि त्याच रात्री आपल्या नेहमीच्या मंडळींसोबत एक डाव खेळूनही पाहिला होता. दोन सहकारी शिक्षक, एक मेडिकलवाला आणि सरांची स्वतःची बायको.

त्यांनी लिहिलं होतं: "पुस्तकात नीलघाट ते कोरवन एक दिवसाची वाट आहे. नकाशावर ती शिलाईच्या दोऱ्याने मोजली, चार बोटं भरली. मग कोरवन ते सातखांब मोजलं. दोन बोटं. म्हणजे अर्धा दिवस. आमच्या लोकांनी तेवढंच पाणी घेतलं. पुस्तकात मात्र ही वाट पाच दिवसांची आहे आणि वाटेतल्या विहिरी कोरड्या आहेत. तिसऱ्या दिवशी चारही पात्रं तहानेने मेली. सौ. आठ महिने त्या वैद्यबाईचं पात्र खेळत होत्या. त्या माझ्याशी बोलत नाहीत."

मी ते दोनदा वाचलं. चूक लगेच कळली, आणि ती कुठून आली तेही.

प्लॉटच्या नकाशात एक रीत असते. गिऱ्हाइकाला जे हवं ते जवळ आणायचं. रेल्वे स्टेशन, बस स्टँड, दवाखाना, मंदिर. रस्ता लांब असेल तर आखूड काढायचा. मधलं स्मशान, नाला, ओसाड जागा गाळायची. मग कोपऱ्यात ती ओळ लिहायची की झालं. माझ्यासाठी सातखांब हे रेल्वे स्टेशन होतं. सोन्याचे सात खांब असलेलं सुंदर शहर. ते मी उचलून कोरवनच्या शेजारी ठेवलं. पुस्तकाचा मजकूर मॅडमनी पाठवला होता. मी फक्त ठिकाणांची यादी वाचली, कारण ब्रोशरवालेही यादीच देतात.

मी फोन लावला.

"मॅडम, चूक माझीच आहे."

"तुझ्यावर ओरडत नाहीये गं. पण चार दिवसांनी फाइल प्रेसला जायची आहे. इथल्या एका आर्टिस्टला विचारून ठेवलंय. तो पहिल्यापासून काढेल."

"मग नाव..."

"त्याचं जाईल. साहजिक आहे ना?"

साहजिकच होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "मला दोन दिवस द्याल? खाडे सरांचा नंबरही."

"दोनच. परवा संध्याकाळपर्यंत."

गजूभाऊ मागे उभे राहून ऐकत होते.

"काऊन वो, रडून राह्यली का?"

"नाही भाऊ."

"मंग डोळे पूस. हा ले-आऊट मी करतो. मले झाडं लावता येतेत. तू तुया राक्षसाचं काम पाय."

दुकानात कॉम्प्युटर दोन. दोन दिवस चांगला त्यांनी मला दिला आणि स्वतः तो अडकणारा घेतला. त्यांनी हे पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

खाडे सरांना फोन करताना मला भीती वाटत होती. मी नाव सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, "अहो ताई, माफी कसली? चित्र सुंदरच आहे. पण आम्हाला नकाशा भिंतीवर लावायचा नसतो. त्यावर बोट ठेवून भांडायचं असतं."

"भांडायचं?"

"इकडून जाऊ की तिकडून? नदी कुठे ओलांडायची? रात्र कुठे पडेल? तासभर भांडण चालतं आमचं. खेळ तोच आहे. नकाशा खोटा असला तर भांडणाला अर्थ राहत नाही. आणि दोरा घ्या हातात. आम्ही सगळे दोऱ्यानेच मोजतो."

अर्धा तास त्यांनी मला पुस्तकातली सगळी अंतरं पानवार सांगितली. त्यांच्याकडे आगाऊ आलेली प्रत पेन्सिलच्या खुणांनी भरलेली असावी. मी लिहून घेतलं.

मग एक अडचण आली. पुस्तकात वाटा दिवसांत होत्या, कोसांत नाही. कुठे पायी, कुठे भरल्या गाडीने. दिवसभरात गाडी किती जाते हे मला पुस्तकात सापडेना. मी बाबांना फोन केला. बाबा तरुणपणी कापसाची बंडी घेऊन वर्ध्याच्या मार्केटला येत. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी.

"बाबा, भरलेली बंडी दिवसभरात किती जाते?"

"कोणाची बंडी? बैल कसे हायेत?"

"कल्पनेतली आहे बाबा. पुस्तकातली."

"तरी बैल तं असनच ना. सडक असन तं पाच-सहा कोस धर. रेती लागली का तीनच. आन् नाला आला का अर्धा दिवस गेला समज, बैल पानी पेते, आराम करते. तुया पुस्तकात नाला हाय का?"

"दोन आहेत."

"मंग एक दिवस त्याच्यातच गेला. काऊन इचारून राह्यली? नाव येऊन राह्यलं ना पुस्तकात?"

"पाहू," मी म्हटलं. त्याहून जास्त सांगायची हिंमत झाली नाही.

बाबांच्या हिशोबाने मी नकाशाची प्रमाणपट्टी ठरवली. भरल्या बंडीचा सडकेवरचा एक दिवस म्हणजे कागदावर दोन बोटं. रेतीत एकच. आईच्या शिलाईच्या डब्यातला लाल दोरा माझ्या पर्समध्ये होता, तो कागदावर वळणावळणाने ठेवून प्रत्येक वाट मोजली. नदी सरकली. नीलघाट वर गेला. दोन गावं नाल्याच्या काठी आणली, कारण बैल पाणी पितात तिथे माणसं वस्ती करणारच. सातखांब कागदाच्या पार टोकाला गेलं. कोरवन आणि त्याच्यामधे मोठं रिकामं माळरान उरलं. कोरड्या विहिरींचे तीन ठिपके, बाकी काही नाही.

गजूभाऊंनी वाकून पाहिलं.

"एवढी जागा खाली काऊन सोडली? दोन गावं टाक, एखादं मंदिर टाक. गिऱ्हाइकाले भकास दिसते ते."

"भाऊ, तिथे काहीच नाही. तेच दाखवायचं आहे."

"मंग माणूस तिकडं जाईन कायले?"

"जाईल. पण पाणी घेऊन जाईल."

ते हसले. "हे बरं हाय तुयं."

ठरल्या दिवशी संध्याकाळी मी फाइल पाठवली. या वेळी खालच्या कोपऱ्यात पट्टी होती: एक बोट, दोन बोटं, चार बोटं, आणि प्रत्येकापुढे गाडीचे किती दिवस ते. मॅडमनी ती खाडे सरांना पाठवली. तासाभराने मॅडम, खाडे सर आणि मी असा तिघांचा एकत्र फोन झाला. इतका वेळ मी दुकानाच्या पायरीवर बसले होते. समोरून येणारा प्रत्येक ऑटो मोजत होते.

"पुस्तकातल्या सातही वाटा मोजल्या," खाडे सर म्हणाले. "सगळ्या जुळतात. सौभाग्यवतींनी स्वतः दोरा धरला."

"बोलायला लागल्या का त्या?" मॅडमनी विचारलं.

"दोऱ्यापुरतं."

मग मॅडम म्हणाल्या, "हा नकाशा घेतला, प्रणाली. सुटा, घडी घालून देऊ. पण खेळाडूंच्या नकाशाचं काय? यावर कोरड्या विहिरी दिसतात. हा फक्त सूत्रधाराला देता येईल. आणि दुसरा काढायला वेळ नाही."

ही मागणी ग्रुपवर जवळजवळ सगळ्यांची होती. पण खरंच वेळ नव्हता.

खाडे सर म्हणाले, "जुना आहे की."

"कोणता जुना?"

"ताईंचा पहिला. कोरवनच्या बाजारात एक दलाल बसतो, सातखांबच्या जमिनी विकतो. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हा नकाशा फुकट वाटतो. खेळाडूंना तोच द्यायचा. विश्वास ठेवायचा की नाही ते त्यांनी ठरवावं. एवढं करा, ती कोपऱ्यातली ओळ काढू नका. शहाणा खेळाडू ती वाचेल."

मॅडम हसू लागल्या ते थांबेचनात. मग लेखकाकडून दलालाचा अर्धा पानाचा मजकूर लिहून घेतला आणि जुन्या नकाशावरची गुपितं तेवढी माझ्याकडून पुसून घेतली.

शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "जुन्या नकाशाखाली तुझं नाव टाकायचं का? की नव्याखालीच?"

माझ्या नावाला बाबांचं नाव चिकटलेलं होतं.

"दोन्हीखाली टाका मॅडम. तोही मीच काढलाय."

पुस्तक आलं तेव्हा मी ते गावी नेलं. बाबांनी आधी नाव वाचलं, मग दोन्ही नकाशे खाटेवर पसरले. जुन्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा चांगला दिसते." मग नव्यावरच्या माळरानावर अंगठा ठेवून बराच वेळ पाहत राहिले. "पन बंडी याच्यावर जाईन," म्हणाले.

ग्रुपवर आता दोन्ही नकाशांचे फोटो येतात, चहाच्या डागांसकट. दलालाच्या नकाशावर विश्वास ठेवून मेलेल्या पात्रांची तिथे कोणीतरी यादी ठेवली आहे. खाडे सरांच्या सौभाग्यवतींनी नवं पात्र घेतलं आहे. ती पाणी विकते.

मला मिळालेला धडा छोटा आहे. आधी पट्टी काढायची, मग गुलमोहर. मागच्या आठवड्यात एका नव्या ले-आऊटचं ब्रोशर आलं, त्यात "बस स्टँड पाच मिनिटं" लिहायचं होतं. मी कॉलेज सुटल्यावर बस स्टँडवरून त्या ले-आऊटपर्यंत चालत गेले. पंचवीस मिनिटं लागली. तेवढीच लिहिली आणि कोपऱ्यात पट्टी काढली.

गजूभाऊंनी ते हातात धरून दोनदा वाचलं.

"पंचवीस?"

"हो भाऊ. मी चालून पाहिलं."

"गिऱ्हाईक पयून जाईन ना वो पोरी." ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला. "असं कर. खाली लिही, सायकलनं दहा. पन आधी सायकल चालवून पायजो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचीच सायकल घेऊन गेले. अकरा लागली. आम्ही अकरा छापली.