खारवलेला तांडेल

मंगळवारी सकाळी आमच्या तांडेलाने डोळे मिटले. बुधवारी दुपारपर्यंत त्याला मारायचं काम मी जवळजवळ पूर्ण केलं होतं.

तांडेल हे कासव आहे. आगरदांड्यात होडीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. माझे बाबा आयुष्यभर तेच होते. कासव आईचं, नावही तिनेच ठेवलं. ("ह्यो पन नुसता मान वर करून बघतो, काम दुसऱ्यांनी करायचं!") गेल्या पावसाळ्यात आई गेली. तेव्हापासून बाबा घरात फक्त कासवाशी बोलत. मला निरोप यायचे ते त्याच्यामार्फत. "तांडेला, त्याला सांग, मीठ संपलंय."

मंगळवारी कासव निरोप घ्यायच्या अवस्थेत नव्हतं. बाबा थेट माझ्याशी बोलले.

"समिंदराचा जीव हाय. खारं पानी घाल, उठंल."

दोन ठिकाणी तपासल्याशिवाय मी बातमी देत नाही. (पेपरात नोकरी आहे.) पण इतक्या महिन्यांनी बाबा माझ्याशी बोलले होते! मी भरतीला जेटीवरून दोन कॅन पाणी आणून कासवाचा टब भरला. संध्याकाळी कासवाची मान लोंबली.

"कमी पडलं," बाबा म्हणाले.

मी आणखी दोन कॅन आणले.

बुधवारी रिक्षावाल्या हमीदभाईंना फोन केला. "तांडेल हलत नाही. लवकर या!" ते आले, मागून अर्धी जेटी आली. बाबा ओट्यावर चहा पीत होते.

"या अल्ला! तुम्ही बसलेत?"

"मग काय उभा ऱ्हाऊ?"

"मी सगल्यांना सांगून आलो, तांडेल गेला म्हणून!"

"मी न्हाय. ह्यो." बाबांनी कासव घातलेली बादली दाखवली. एकाने हार आणला होता. तो त्याने पाठीमागे लपवला.

मुरुडला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाई आमच्या मागे म्हैस शोधत बाहेरपर्यंत जाऊन आल्या. मी बादली पुढे केली.

"हे पाणी कुठलं?"

"खाडीचं," बाबा अभिमानाने म्हणाले. "ताजं. भरतीचं."

"अहो, हे तळ्यातलं कासव आहे! याला आधी नुसती सर्दी होती. हा मिठाचा उपाय कुणी सांगितला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे पाहिलं. बाईंनी इंजेक्शन दिलं. वाचेल का, ते सांगता येत नाही म्हणाल्या.

परतताना रिक्षात, आगरदांड्याच्या उतारावर बाबा म्हणाले, "तिचं येवढंच राह्यलं व्हतं. तेबी मी खारवलं."

हमीदभाईंनी भाडं घेतलं नाही.

टबात विहिरीचं पाणी भरलं. कासवाने बरेच दिवस काही खाल्लं नाही. बाबाही ताटात बोटं फिरवून उठत.

आज सकाळी त्याने डोळे उघडले. मी कोळंबीचा तुकडा पुढे धरला. त्याने कोळंबी सोडली आणि माझं बोट धरलं. रक्त आलं.

बाबा टबाशी उकिडवे बसले. "तांडेला," ते म्हणाले, "त्याला सांग, मिठाचं पानी लाव."