पुरणपोळ्यांखालचं प्रवाळ

जुलैत पुण्याला जाताना मी घरातला एसी बंद करून गेलो. रिकाम्या घरात गारवा कुणासाठी, असा माझा रोखठोक हिशेब. पंधरा दिवसांनी दुबईला परतलो तेव्हा लेकीच्या माशांच्या टाकीतलं पाणी अंघोळीला चाललं असतं, आणि तिने सात वर्षं वाढवलेलं जांभळं प्रवाळ पांढरंफटक पडलं होतं. ती रडली नाही. फक्त माझ्याशी बोलायची बंद झाली. सप्टेंबरात ती शिकायला परदेशी जाणार होती. तिने असं न बोलता जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

मग आठवलं, त्याच प्रवाळाचा एक तुकडा तिने दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीतल्या स्टोअरकीपरना दिला होता. गृहस्थ मराठी, कंपनीच्या उम्म अल कुवैनच्या स्टोअरवर असतात, राहायलाही तिथेच. त्यांच्याकडे तो चांगला फोफावला होता. अंगठ्याएवढा कापून देतो म्हणाले. आणायचा कसा हाच प्रश्न, कारण माझी गाडी शारजाच्या गॅरेजात तीन आठवडे 'इन्शाल्ला उद्या'वर पडून होती.

कुरियरवाल्याने विचारलं, खायचं आहे की पाळायचं? पाळायचं म्हटल्यावर तीनशे दिरहॅम सांगितले.

"म्हणजे सात हजार रुपये," बायको म्हणाली. "अंगठ्याला?"

शेवटी कंपनीची बस सापडली. रोज सकाळी उम्म अल कुवैनहून जबल अलीला आमच्या गोदामावर येते, आणि फुकट. पॅकिंग मी फोनवर सांगितलं. प्लॅस्टिकची बरणी, तिच्यात टाकीचंच पाणी. तुकडा थर्मोकोलच्या चकतीला रबरबँडने उलटा टांगायचा, म्हणजे चकती तरंगते आणि तो कुठे आपटत नाही. बरणी थर्मोकोलच्या पेटीत. बर्फ नको, ऊन नको. तीनदा सांगितलं.

ड्रायव्हरने पेटी घेताना स्टोअरकीपरना विचारलं, "ज़िंदा है?" हो म्हटल्यावर त्याने प्रवाशांच्या यादीत शेवटी लिहिलं, 'पत्थर, ज़िंदा', आणि पेटीला खिडकीची सीट दिली.

गोदामाच्या गेटवर तिला उतरवून घ्यायला मी गेलो. सिक्युरिटीवाल्याला आत नेण्याच्या पाससाठी प्रकार हवा होता. "जानवर, पौधा या पत्थर?"

मी खरं ते सांगितलं, "थोड़ा थोड़ा तीनों."

त्याने तीन पास केले. मी तिन्हींवर सह्या केल्या.

पेटी टेबलावर उघडली. वरती फॉइलमध्ये बारा पुरणपोळ्या, हात लावला तर चटका बसावा अशा. स्टोअरकीपरच्या घरी काकू आहेत हे मी विसरलो होतो. कुणाच्या घरी नुसतं पाणी कसं पाठवायचं, म्हणून त्या पहाटे उठल्या, पोळ्या लाटल्या आणि गरम राहाव्यात म्हणून बरणीवर रचून झाकणाला चिकटपट्टी लावली. पेटीने आपलं काम चोख केलं होतं. बरणीतल्या पाण्याचं तापमान छत्तीस भरलं, चालतं सव्वीस.

तेवढ्यात काकूंचा फोन. "पोळ्या गरम पोचल्या ना?"

"हो काकू, खूपच," मी म्हणालो. मला खरोखर रडू येत होतं, आणि अख्ख्या डिपार्टमेंटचे हात पोळ्यांकडे वळले होते.

घरी लेकीने बरणी माझ्या हातातून काढून घेतली. दोन तास थेंब थेंब टाकीचं पाणी घालत तिने बरणीतलं पाणी निववलं. चार दिवसांत तुकडा वरून पांढरा होत गेला. तळाशी वाटाण्याएवढं जांभळं उरलं. ते तिने कापून वेगळं काढलं, आणि आठवडाभराने त्यावर प्रवाळाची बारीक तोंडं उघडली, म्हणजे ते जगलं. मला इतका आनंद झाला, की कुणी न विचारताच मी बोलून गेलो, "तू जा निश्चिंत. मी सांभाळतो याला."

"नो," ती म्हणाली. किती दिवसांनी माझ्याशी बोलली. "इट्स गोइंग बॅक टू काकू."

"अगं, काकूंनी तर शिजवलं त्याला."

"काकू मेड अ मिस्टेक, बाबा. यू वेअर सेव्हिंग मनी."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी वाद घातला असता. पेटी मीच बांधली. ती शेजारी उभी राहून मी लावलेली प्रत्येक पट्टी दाबून बघत होती.