न घाबरणाऱ्या बाईच्या चिठ्ठ्या

माझ्या दुकानात एकच नियम आहे आणि तो मी कागदावर लिहून भिंतीवर ठोकलाय: गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय त्याच्यावर चिठ्ठी लावायची नाही. कॅनडातल्या थंडर बेमध्ये जुने व्हिडिओ गेम विकायचे म्हणजे अर्धा दिवस लोकांची मतं ऐकण्यात जातो. ऐकून ऐकून कान किटले, तेव्हा मी गेमच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याची पद्धत सुरू केली. काय म्हणायचं ते चार ओळींत लिहा, खाली सही करा आणि मला मोकळं करा. बहुतेक लोक 'भारी आहे' किंवा 'फालतू' एवढंच लिहितात.

हेल्वी नीस्कानेन तसं लिहीत नसे. ही बाई सत्तरीला टेकलेली, एकतीस वर्षं टॅक्सी कंपनीच्या वायरलेसवर बसून गाड्या पाठवलेली. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बसने यायची, पायपुसण्यावर बूट आपटून बर्फ झाडायची आणि सरळ दोन कपाटांकडे जायची. एक गोष्टी असलेल्या मारधाडीच्या गेमचं, दुसरं भुताखेतांच्या गेमचं. बाकी सगळ्यांना ती 'चेंडूचे प्रकार' म्हणत असे.

एका मारधाडीच्या गेमवर तिची चिठ्ठी अजून आहे: 'चारशे माणसं मारून झाल्यावर शेवटच्याला मारताना नायकाला गहिवरून येतं. आधीच्या चारशेंना आया नव्हत्या का?' तो गेम माझा अत्यंत लाडका. आमचं त्यावरून कडाक्याचं भांडण झालं आणि घरी जाऊन मी तो पुन्हा खेळलो, तर दर माणसागणिक मला त्याची आई आठवायला लागली. बाईने माझा गेम नासवला तो नासवलाच. बाप आणि मुलगी बर्फातून चालत जातात त्या गेमवर तिने लिहिलं होतं: 'मुलगी बोलते तेव्हा बाप थांबत नाही. सगळी गोष्ट एवढीच आहे, आणि पुरेशी आहे.' हे वाचून आमचा डेझमंड, अग्निशमन दलातला सहा फुटी गडी, दुकानात उभ्या उभ्या नाक पुसत होता. तेव्हापासून हेल्वीची चिठ्ठी असल्याशिवाय तो काहीच नेईना.

पण मला खरं कुतूहल होतं ते तिच्या भीतीचं, म्हणजे ती नसण्याचं. इस्पितळाचा एक जुना गेम आहे. बंद पडलेलं इस्पितळ, सहा मजले, आणि लिफ्टमध्ये एक बाई. मी तो भर दुपारी, बायकोला शेजारी विणकाम घेऊन बसवून खेळलोय. त्यावर हेल्वीने अकरा वर्षांपूर्वी लिहिलं: 'यात घाबरण्यासारखं काही नाही. नकाशा नीट काढा. लिफ्टमधल्या बाईची दया येते.' दया! आणखी एक गोष्ट मला खटकायची. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण कधी ना कधी अंगठ्याचं रडगाणं गातो, कुठलं बटण वेळेवर दाबलं गेलं नाही ते सांगतो. हेल्वीने एवढ्या वर्षांत बटणाचं नाव काढलं नव्हतं.

मग ऑक्टोबरपासून ती यायचीच थांबली. डेझमंड दर आठवड्याला येऊन विचारायचा, रिकाम्या हाताने परत जायचा. फेब्रुवारीत इस्पितळाच्या गेमचा दुसरा भाग हाती आला, आणि मला निमित्त मिळालं. डबा कोटाच्या खिशात घातला, वाटेत चार पर्शियन, म्हणजे आमच्याकडचे गुलाबी आयसिंगचे गोड पाव, घेतले आणि दुपारी तिच्या घरी गेलो.

तिचा नवरा आर्वो खिडकीशी बसला होता. मी हाक मारली तर मान हलवली, एवढंच. हेल्वीने कॉफी आणली आणि मी डबा पुढे केला, तेव्हा तिने तो उलटून पाहिला आणि परत माझ्याकडे सरकवला. मी पडलो भोचक. सरळ विचारलं, गेम सोडलेत की माझं दुकान?

ती उठली आणि कपाटातून वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. एकोणतीस वह्या. प्रत्येक पानावर नकाशे, दारं, कुठली किल्ली कुठे, कुठल्या जिन्याखाली काय दबा धरून बसलंय, सगळं बारीक अक्षरात. मी थक्क होऊन पानं उलटत होतो, आणि तिने शांतपणे सांगितलं की आयुष्यात तिने कंट्रोलर कधी हातात धरलेला नाही. आर्वो खेळायचा, ती शेजारी वही घेऊन बसायची आणि वळायचं कुठे ते सांगायची. टॅक्सीतही तेच. आर्वो चौदा नंबरची गाडी चालवायचा. आठ महिने तो तिचा आवाज ऐकून शहरभर फिरला आणि मग तिला पहिल्यांदा पाहिलं. ती स्वतः गाडी शिकलीच नाही, गरजच पडली नाही.

"तेव्हा नियमाप्रमाणे माझ्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाक," ती म्हणाली. "मी एकही गेम खेळलेली नाही."

मी खिडकीकडे पाहिलं. आर्वोचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता, आणि आता मला कळलं की तो डाव्या हाताने तो दाबून धरतोय. हेल्वी आवाज खाली आणून बोलली. थरथर उन्हाळ्यात वाढली. ऑक्टोबरमध्ये त्याच्या हातून कंट्रोलर तीनदा पडला, तेव्हा त्याने तो वायर गुंडाळून खणात ठेवला. त्या दिवसापासून तो बाहेर जात नाही, वाफेच्या अंघोळीची सौना तापवत नाही, दिवसाला दहा शब्द बोलतो. "डॉक्टर म्हणतात हात असाच राहणार. हाताचं मला काही नाही, लॉर्न. तो बोलायचा थांबेल याची मला भीती वाटते. फार भीती वाटते."

न घाबरणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकून मी गडबडलो, आणि गडबडलेला माणूस करतो तेच केलं. म्हटलं, मी खेळतो की, तुम्ही सांगा. खणातून कंट्रोलर काढला, जुनाच इस्पितळाचा गेम लावला, आणि आर्वोच्या जागेवर जाऊन बसलो. आर्वो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. दार त्याने हळूच लावून घेतलं. माझ्याएवढा गाढव त्या दिवशी सगळ्या ओंटारिओत नसेल.

मी उठलो आणि कंट्रोलर हेल्वीच्या मांडीवर ठेवला.

"मला नाही येत," ती म्हणाली. "मी रस्ता सांगते. चालवणारा आर्वो आहे."

"मग आता रस्ता आर्वो सांगेल," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं, दारापलीकडे जावं म्हणून. मला रागही आला होता. एकोणतीस वह्या घरात पडल्यात आणि दोन माणसं दोन खोल्यांत तोंडं मिटून बसलीत.

तिने कंट्रोलर गरम पातेलं धरावं तसा धरला. इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावर ती भिंतीला जाऊन धडकली. मागे आली, पुन्हा धडकली. टीव्हीतून पावलांचा तोच तोच घासल्यासारखा आवाज येत राहिला. मग ती छताकडे बघत गोल फिरू लागली. साडेसहा मिनिटं ती त्या एका खोलीत होती, मी घड्याळ लावून सांगतो.

दार उघडलं. आर्वो उंबऱ्यात उभा होता.

"भिंत आहे ती, हेल्वी."

"दिसतंय मला."

"दिसत असतं तर वळली नसतीस?"

तो येऊन खुर्चीत बसला. पंधरा नंबरची वही शोधली, टेबलावर उघडली आणि पान हलू नये म्हणून कोपराने दाबून ठेवली. घसा साफ केला.

"चौदा नंबर, ऐकतेस ना?"

हेल्वीचे डोळे भरून आले, पण तिने टीव्हीवरून नजर काढली नाही. "चौदा नंबर ऐकतेय."

"डावीकडे. दोन दारं सोड. तिसरं."

लिफ्टपर्यंत पोचायला त्यांना तास लागला. हेल्वी चौदा वेळा मेली, दोनदा तर जिन्यावरून पडून, जे त्या गेममध्ये शक्य आहे हे मला माहीतच नव्हतं. लिफ्टमधली बाई तिने आर्वोशेजारी बसून सात वेळा पाहिलेली, वहीत वेळ लिहून ठेवलेली. तरी दार सरकलं आणि हेल्वी अशी किंचाळली की माझी कॉफी सांडली. कंट्रोलर पार सोफ्याखाली गेला. आर्वो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि तिला म्हणाला, "दया आली का?"

मी पर्शियनचा पुडा तिथेच ठेवून निघालो. मला कोणी थांब म्हणालं नाही, आणि ते बरंच झालं.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी दोघं बसने आली. आर्वोच्या हाताला धरून हेल्वीने बूट आपटले, सरळ दुसऱ्या कपाटाकडे गेली आणि एक नवी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. मी भिंतीवरच्या नियमात पेनने 'किंवा रस्ता सांगितल्याशिवाय' एवढं वाढवून ठेवलं होतं. तिने ते वाचलं आणि अक्षर वाईट आहे म्हणाली. जुनी चिठ्ठी मी काढली नाही, तिच्या खालीच नवी चिकटवली.

'दुरुस्ती. अकरा वर्षांपूर्वी मी लिहिलं की यात घाबरण्यासारखं काही नाही. तेव्हा कंट्रोलर माझ्या नवऱ्याच्या हातात होता. — हेल्वी.'

आणि तिच्या सहीखाली, ओळ सोडून वरखाली गेलेल्या मोठ्या अक्षरांत: 'मलाही भीती वाटायची. ती वळ म्हणायची, म्हणून वळायचो. — आर्वो.'