लोला तेरिंगचं नाक

फिलिपिन्समधल्या पनाय बेटावरच्या आमच्या बंदरात लोला तेरिंगनं, म्हणजे तेरिंग आजीनं, टोपली हुंगल्याशिवाय मासळीचा भाव ठरत नसे. म्हातारी डोळे मिटून नाक पुढे करायची आणि "काल दुपारची" किंवा "परवाची, बर्फ उशिरा घातलाय" एवढं सांगून मोकळी व्हायची. तिच्याशी हुज्जत घालणारा कोळी मी पाहिला नाही. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती, म्हणून आम्हा मास्तरांचा तिला भारी आदर. मी मात्र नाकाला रुमाल लावून तिच्या पुढून जायचो.

तिची नात जोविलिन माझ्या वर्गात होती. वीस वर्षांनंतरचं एखादं यंत्र कल्पायचं, अशी मुलांची विज्ञान स्पर्धा होती. जोविलिननं मासळीचा ताजेपणा ओळखणारं यांत्रिक नाक सुचवलं आणि मी हरखलो, कारण शाळेला तोवर एकही पदक नव्हतं. निबंधात शेवटी एक सक्तीचा भाग असतो, यंत्राच्या वाईट परिणामांचा. तिथं तिनं लिहिलं होतं, 'मग लोला तेरिंगला कुणी काही विचारणार नाही.' मला हसू आलं. परीक्षकांना हे घरगुती रडगाणं कशाला, म्हणून मी ते लाल पेनानं खोडलं आणि वापरलेल्या बॅटऱ्यांचा कचरा घातला.

इलोइलो शहरातल्या अंतिम फेरीला लोला चर्चचे ठेवणीतले कपडे घालून आली आणि पहिल्या रांगेत बसली. या यंत्रानं कुणाचं नुकसान होईल, असं परीक्षकांनी विचारलंच. जोविलिननं माझ्याकडे पाहिलं. मी नुसते ओठ हलवून 'बॅटऱ्या' म्हटलं, आणि तिनं बॅटऱ्या सांगितल्या. दुसरा क्रमांक आला. फोटोत मी सगळ्यांच्या पुढे.

परतताना बसमध्ये लोलानं माझ्या हातात सुक्या मासळीचा पुडा ठेवला, स्वतः हुंगून निवडलेली. मग जरा चाचरत म्हणाली, "सर, एक विचारू? पोरीनं मला घरी वाचून दाखवलं होतं. माझं नाव होतं त्यात. मला कुणी विचारेनासं झालं तर ते नुकसान, असं चक्क कागदावर लिहिलेलं. एवढ्या शिकलेल्या माणसांत ते ऐकायचं म्हणून आले होते मी."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आजही लिहिताना लाज वाटते, पण मी म्हणालो, "घाबरली असेल ती. विसरली असेल."

जोविलिन पुढच्याच बाकावर होती. तिनं मागे वळून पाहिलं, आणि मला वाटलं, आता ही सगळं सांगणार.

"हो लोला," ती म्हणाली, "विसरलेच मी."

"एवढी कशी गं वेंधळी," म्हणत लोलानं तिला टपली मारली. ती टपली माझी होती.