टपवाल्या आत्याची अर्धी काच

टपवाली आत्या फार कमी बोलायची, कारण तिच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. उघड्या मोटारींना कापडी टप शिवून द्यायचा तिचा धंदा. टेबलावर गाडीएवढं कॅनव्हास पसरलेलं, समोर गिऱ्हाईक उभं, ओठांत सात-आठ टाचण्या आणि उत्तरं दोनच, "हं" आणि "अंहं". सव्वीस वर्षं तिचा धंदा या दोन शब्दांवर सुरळीत चालला. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई किती समजूतदार, सगळं ऐकून घेते.

आतोबांचं बरोबर उलटं. ते वाचनालयात ग्रंथपाल. दिवसभर लोकांना "शू" करण्याची नोकरी, त्यामुळे दिवसाचं सगळं साठलेलं बोलणं घरी येऊन सुटायचं. चपला काढता काढताच "म्हणजे बघ" अशी सुरुवात व्हायची.

"म्हणजे बघ अगं, आज एकानं पुस्तक परत आणलं. आत खूण म्हणून काय ठेवलं असेल?"

"हं?"

"मोजा. पायातला. आणि धुतलेला नाही."

मग तो मोजा कुणाचा, मोजा घालणाऱ्याचा बाप काय करायचा, त्या बापाने कुठलं पुस्तक बुडवलं, असं करत जेवण आटोपायचं. आत्याला याचा कंटाळा नव्हता. घरात रेडिओ असतो, तसे तिच्या घरात आतोबा होते.

पन्नाशी ओलांडल्यावर आत्याने स्वतःसाठी गाडी घेतली. गाडी कसली, दोन माणसांच्या उघड्या स्पोर्ट्स कारचा गंजका सांगाडा. शेजारच्या शेडमधल्या फिटरने दीड वर्ष खपून त्यात इंजिन बसवलं, चाकं फिरती केली. सीट आत्याने शिवल्या. टपही तिनेच शिवला, लोकांची कामं सांभाळून अकरा महिन्यांत. आतोबांची उंची बसल्या जागी मोजून, त्यांचं डोकं कुठे लागू नये म्हणून कमान बोटभर वाढवून. इतका देखणा टप तिच्या हातून आधी कधी उतरला नव्हता.

आणि फिटर म्हणाला, "आत्या, सोमवारी रंगारी येतोय. त्याच्या आत काच कुठली ते ठरवा. रंग लागल्यावर मी पत्र्याला भोक पाडणार नाही, काय म्हणतो मी."

फिटरचं प्रत्येक वाक्य "काय म्हणतो मी" वर संपायचं. काय म्हणतो ते सांगून झालेलं असायचं, तरी.

त्याच्याकडे दोन काचा होत्या. एक पूर्ण विंडस्क्रीन, या टोकापासून त्या टोकापर्यंत, धातूच्या चौकटीतली. दुसरी एअरोस्क्रीन. ही अर्ध्या ताटाएवढी काच, फक्त चालवणाऱ्याच्या समोर उभी राहते. वारा तिच्यावरून उडून कपाळावर येतो, म्हणून डोळ्यांना गॉगल लावायचा. शेजारी बसणाऱ्याने आपलं नशीब पाहायचं. शिवाय टप पुढून विंडस्क्रीनच्या चौकटीला अडकवतात. अर्धी काच लावली की टपाला धरायलाच काही उरत नाही.

"दोन्हींची भोकं पाडून ठेवता नाही येणार?" आतोबांनी विचारलं.

"गाडी आहे आतोबा, चाळण नाही, काय म्हणतो मी."

आतोबांनी वाचनालयातल्या कोऱ्या कार्डांवर फायदे-तोटे लिहून काढले. पूर्ण काचेची नऊ कार्डं झाली. अर्ध्या काचेचं एकच, त्यावर "दिसायला बरी".

"म्हणजे बघ, मला कान आहेत अगं. दोन आहेत. दोन्हींत वारा गेला की आठवडाभर ठणकतात. तुला अर्धी हवी तर लाव, मी अडवणारा कोण. पण मग मी घरी थांबतो. तू ये फिरून."

हे आतोबा चिडून बोलले असते तर आत्याने वाद घातला असता. ते अगदी समजूतदारपणे बोलले, तिथेच पंचाईत झाली. एकटीनेच फिरायचं होतं तर तिने दोन सीटची गाडी कशाला घेतली असती? आणि अर्ध्या काचेवरून तर तिची नजर हटत नव्हती. दुकानात येता-जाता फिटरच्या शेडमध्ये डोकावून तिच्यावर बोट फिरवायची, मग इकडेतिकडे बघायची.

शनिवारी सकाळी फिटरने तोडगा काढला. दोन्ही काचा क्लॅम्पने तात्पुरत्या आवळायच्या आणि गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर एकेक फेरी मारायची.

पहिली फेरी पूर्ण काचेची, टप लावून. आत कसं छान उबदार. आतोबांनी गाडी गल्लीतून बाहेर पडायच्या आत एका मंत्र्याच्या पुतण्याची गोष्ट काढली, तो वाचनालयात झोपायला यायचा. आत्या "हं" म्हणत होती आणि वर बघत होती. डाव्या कमानीजवळ, तिसऱ्या ओळीत एक टाका किंचित सैल होता. तिने रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा टाक्याकडे पाहिलं. टाका सैलच. सहा किलोमीटर ती त्या टाक्याखाली बसून आली. परत आल्यावर वाटेत काय लागलं असं कुणी विचारलं असतं, तर तिने शिवण सांगितली असती. आपल्याच टपाखाली बसणं म्हणजे सुट्टीच्या दिवशी दुकानात जाऊन बसणं, हे तिला आजपर्यंत कळलं नव्हतं.

दुसरी फेरी अर्ध्या काचेची. आतोबांनी कानटोपी घातली, तिच्यावर मफलर, मफलरावर गॉगल. फक्त नाक उघडं. "एक फेरी," ते म्हणाले. "तुझ्यासाठी."

रस्ता मोकळा लागला आणि आत्याने पाय दाबला. वारा कपाळावर धडकला, केस उभे राहिले. आतोबांनी "म्हणजे ब—" एवढं म्हटलं, वाऱ्याने तोंड भरलं, ते मिटलं. पुढे एक उघडी गाडी चालली होती, फिकट टपाची. टप आत्याचाच. तिला बाजूने ओलांडताना आत्याच्या तोंडून आपसूक निघालं, अगदी त्या गाडीच्या मालकिणीच्या नाजूक नाकातल्या आवाजात, "टपवाल्या बाई, रंग जरा सायीसारखा हवा हं, पण पिवळट नको, आणि पांढरा तर मुळ्ळीच नको."

आवाज वाऱ्याने उचलून मागे टाकला. कुणालाच ऐकू गेला नसणार. आत्याला मजा वाटली. मग तिने डॉक्टर काढला, जो दर वेळी सुईचा नंबर विचारायचा. मग "उद्या नक्की ना, उद्या नक्की ना" करणारे दोघे भाऊ, दोन्ही आवाजांत. मग फिटर, काय म्हणतो मी. सव्वीस वर्षांची गिऱ्हाइकं रांगेने येत गेली आणि आत्या प्रत्येकाला त्याच्याच आवाजात रस्त्यावर सोडत गेली. शेवटी तिने आतोबा केले. "म्हणजे बघ अगं, मला कान आहेत. दोन आहेत." आणि इतकी हसली की गिअर चुकला.

शेडपाशी गाडी थांबली. आतोबांच्या नाकाचा टोमॅटो झाला होता, डोळ्यांतून पाणी. मफलर कुठल्या वळणावर गेला ते दोघांनाही माहीत नव्हतं. आत्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तिचं हसू ओसरलं. ती उतरून फिटरला म्हणाली, "पूर्ण काच लाव."

"नक्की?"

"हं."

फिटरने ड्रिल उचललं.

"थांब रे," आतोबा म्हणाले. ते अजून सीटमध्येच होते. "ही बोलत होती."

"मी? अंहं."

"सहा किलोमीटर बोलत होती. तोंड चालू, खांदे हलतायत, मधेच कुणाला तरी हात दाखवतेय. मला एक शब्द कळला. 'पिवळट'."

"मग आतोबा, पूर्ण काचच बरी की. तिच्यामागे बसलं की शब्द न शब्द ऐकू येतो, काय म्हणतो मी."

"पूर्ण काचेमागे ही बोलत नाही. आत्ताच पाहिलं ना मी. 'हं' म्हणते आणि छताकडे बघते." आतोबांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. "तुझ्याकडे अशी अर्धी अजून एक आहे का? माझ्यासमोर लावायला? निम्मा वारा तरी अडेल. थोडं वाकलो तिच्याकडे, तर येईल ऐकू."

"आहे. पण टपाचं काय?"

आत्या मधे पडली. "तुझ्याकडे तो गळक्या टपाचा गाडीवाला येतो ना, त्याला दे. मॉडेल हेच आहे. डावीकडची तिसरी ओळ बघू नकोस म्हणावं."

"आणि कान?" तिने आतोबांना विचारलं.

"ठणकतील," आतोबा म्हणाले. "दोन आहेत."

आत्याने खडूने पत्र्यावर सहा ठिपके काढले, तीन आपल्यासमोर, तीन त्यांच्यासमोर. फिटरने भोकं पाडली, काचा बसवल्या, बोल्ट आवळले. आतोबांची काच त्यांच्या हनुवटीच्या हिशेबाने अर्धा इंच वर घ्यावी लागली. मग ते सरसावून बसले, मान तिच्या बाजूला कलती करून. पुढे काही बोलले नाहीत. आत्याला हे इतकं नवीन होतं की तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बोल," आतोबा म्हणाले.

"काय बोलू? गाडी उभी आहे."

"मग चालू कर."